घमेले पोर्तुगीज, घर नव्हे

पश्चिम वसईतल्या वटारच्या जुन्या घरांविषयी बोलणारे लोक दोन पक्षांत वाटले गेले आहेत. एक पक्ष म्हणतो पाडा, दुसरा म्हणतो वाचवा. समोरासमोर आले की दोघे एकमेकांच्या अंगावर जातात, पण एका शब्दावर त्यांचे एकमत आहे. तो शब्द 'पोर्तुगीज'. पाडा म्हणणाऱ्याला ही घरे गुलामीची निशाणी वाटतात. वाचवा म्हणणारा रविवारी सकाळी विरारला उतरतो, रिक्षा करून, गळ्यात कॅमेरा अडकवून गावात येतो आणि कुणाच्याही ओट्यासमोर उभा राहून सोबतच्यांना सांगतो, हे बघा अस्सल पोर्तुगीज घर. आमच्या ओट्यासमोरही एकदा असा घोळका थांबला होता. आत्या शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिने विचारले, "कुणाचं घर म्हणालात?" "पोर्तुगीज, आजी." आत्याने शेंग बाजूला ठेवली. "ते कधी राहायला होते? मला कुणी सांगितलं नाही."

घोळका हसला आणि पुढे गेला. आत्या विनोद करत नव्हती. तिचा प्रश्न सरळ होता, आणि दोन्ही पक्षांपैकी कुणीही त्याचे उत्तर आजवर दिलेले नाही.

आधी तारखा बघू. पोर्तुगीजांनी वसई घेतली १५३४ च्या डिसेंबरात, गुजरातच्या बहादूरशहाकडून. ती त्यांच्या हातून गेली १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांच्या वेढ्यानंतर. मधल्या २०५ वर्षांत त्यांनी जे बांधले ते किल्ल्यात आहे आणि गावोगावच्या चर्चमध्ये आहे. चर्चही पुढे पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेली, वाढवलेली. राहत्या घरांचे काय? त्या राजवटीत वसईच्या मुलखातली गावे पोर्तुगीज सरदारांना आणि मठांना पट्ट्याने दिलेली होती. कसणारा कसत होता आणि उत्पन्नाचा वाटा वर पोचवत होता. अशा माणसाने सागवानी खांबांचे, माळ्याचे, लांबलचक ओट्याचे घर उभे केले असे मानायला फारच मोठे मन लागते. त्याचे घर कुडाचे असणार, वर पेंढा नाहीतर झाप. चार पावसाळ्यांत ते मातीत गेले असणार. पोर्तुगीज काळात आमचे पूर्वज कसे राहत होते हे ज्याला खरोखर बघायचे आहे त्याने वाडीच्या टोकाला राबणाऱ्या आदिवासी कुटुंबाच्या खोपटाकडे बघावे. तिकडे कॅमेरा वळत नाही.

आता छपराकडे बघा. ज्या उतरत्या लाल कौलांना पाहून पाहुण्यांना लिस्बन आठवते ती मंगलोरी कौले आहेत. मंगळूरला बाझल मिशनने कौलांचा पहिला कारखाना काढला १८६५ साली. पोर्तुगीज वसईतून जाऊन तेव्हा सव्वाशे वर्षे होऊन गेली होती. त्याआधी आमच्याकडे कुंभाराची नळीची कौले होती, आणि तीही ज्याला परवडतील त्याच्याकडे. यावर एकजण मला म्हणाला, छप्पर बदलता येते, भिंती जुन्या असतील. बदलता येते, कबूल. पण मग आढे, वासे, तुळया, खिडक्यांचे लोखंडी गज, ओट्यावरची शहाबादी फरशी, सगळेच बदलले म्हणायचे आणि घर मात्र पोर्तुगीजच राहिले म्हणायचे, ही भुताची गोष्ट झाली. आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर चुन्यात आकडा कोरलेला होता: १९११. पणजोबांनी तो मुद्दाम कोरून घेतला होता, कारण घर आपल्या पैशाने बांधल्याचा त्यांना अभिमान होता. पाहुण्यांनी त्या आकड्याचा फोटो काढला आणि खाली काय लिहिले ते मी वाचले आहे. ते इथे देत नाही.

तो पैसा आला कुठून? इथे खरा इतिहास सुरू होतो, आणि तो दोन्ही पक्षांना नको आहे, कारण त्यात ना सरदार आहे ना तलवार. त्यात केळी आहेत. मुंबई-बडोदा रेल्वे १८६० च्या दशकात वसईवरून गेली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली. जो बागायती माल होडीने आणि बैलगाडीने कसाबसा शहरात पोचत होता तो आता काही तासांत पोचू लागला. केळी, खायची पाने, भाजी, फुले. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी. पश्चिम वसईच्या पट्ट्यातल्या, म्हणजे वटार, नंदाखाल, नाळा, आगाशी, निर्मळ, भुईगाव या भागातल्या मोठ्या घरांचा पाया या पैशाने भरला. मुंबई शहर वाढले, त्याला भाजी लागली, देवपूजेला आणि लग्नाला फुले लागली, जेवणानंतर पान लागले, आणि त्या भुकेतून आमच्या ओट्याचे खांब आले. १९३६ साली विरारपर्यंत विजेची लोकल आली तेव्हा घरातली पोरे मुंबईच्या नोकऱ्या धरू लागली आणि मागच्या दोन खोल्यांना पक्क्या भिंती आल्या. हे घर मुंबईने बांधले आहे. शहराने गावात बांधलेले घर म्हणजेच उपनगर, असे कुणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण मग वटार हे १८६७ पासूनचे उपनगर आहे, बिल्डरने शोधून काढलेले नव्हे.

ज्यांना अजूनही 'पोर्तुगीज शैली' दिसते त्यांना मी एक साधे काम सांगतो. दोन घरे निवडा. एकाच्या अंगणात क्रूस असलेले, दुसऱ्याच्या अंगणात तुळशीवृंदावन असलेले. एकावर पाटी परेरा, लोपीस, तुस्कानो, डिसोझा अशी काही. दुसऱ्यावर नाईक, राऊत, म्हात्रे, वर्तक. आता मनातल्या मनात क्रूस आणि तुळस उचलून बाजूला ठेवा, पाटी झाका आणि सांगा कुठले घर कुणाचे. पुढे ओटा, मग ओटी, मग माजघर, बाजूला पडवी, वर माळा, मागे गोठा. सुतार एकच होता, सागाची वखार एकच होती, आणि पावसाळा तर सगळ्यांना एकच. कौले चाळायची वेळ आली की मे महिन्यात त्याच माणसांची वाट ख्रिस्ती घरही बघत होते आणि हिंदू घरही. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती आजही घरात कादोडी बोलतात; धर्म दोन झाले, बोली दोन झाली नाही, आणि घरही दोन प्रकारचे झाले नाही.

आडनावावरून माणूस परका ठरवायची खोड जुनी आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही काहींच्या पोटात दुखले. आयुष्यभर मराठीत लिहिलेला, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेला माणूस, पण आडनाव बघा! ज्या न्यायाने दिब्रिटो परके त्याच न्यायाने आमचे घर पोर्तुगीज. आणि हा न्याय लावायचाच तर पुरता लावा. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रचंड घंटा वसईच्या स्वारीतून आलेली, पोर्तुगीज बनावटीची. म्हणून गोदाकाठचे ते देऊळ कुणी पोर्तुगीज म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. घंटा पोर्तुगीज, देऊळ आपले, हे सगळ्यांना समजते. मग आडनाव पोर्तुगीज आणि घर आपले, हे समजायला काय अडचण आहे?

पोर्तुगीजांनी या घरात काहीच ठेवले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. कुलपाची चावी त्यांची. न्हाणीतली बालदी त्यांची. इस्त्री त्यांची, महिन्याच्या शेवटी येणारा पगार त्यांचा. आणि ज्यातून पाथरवटाच्या हाताखालच्या बाईने चुना आणि माती वाहिली ते घमेलेही त्यांचेच. शब्द त्यांचा, डोके आणि मान तिची. पोर्तुगीज वारसा शोधायला वटारला येणाऱ्याने घमेल्याचा फोटो काढावा, माझी हरकत नाही.

एवढे ऐकले की पाडा-पक्षातला हुशार माणूस पवित्रा बदलतो. म्हणतो, बरे झाले तुम्हीच सांगितले. पोर्तुगीजही नाहीत, चारशे वर्षांची नाहीत, कुणा नामांकित स्थपतीची नाहीत. शेतकऱ्यांची साधी घरे आहेत. मग वारसा कसला? किल्ला आहे ना जपायला, पुरातत्त्व खात्याची पाटी लावलेला. सोपाऱ्याचा स्तूप आहे, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला. गावाच्या वाट्याला एवढा इतिहास पुरे.

या युक्तिवादात गृहीत असे आहे की इतिहास म्हणजे राजाचा किंवा देवाचा. किल्ल्यात कोण राहत होते? दोन शतके राज्य करून निघून गेलेली माणसे. आज तिथे वटवाघळे राहतात. आमच्या घरात काय काय घडले ते मात्र जिथल्या तिथे वाचता येत होते. ओटीवर पानांच्या करंड्यांचा सौदा ठरे. तिथल्या भिंतीवर दलालाच्या हिशेबाच्या कोळशाच्या रेघा चुन्याखालून डोकावत. माळ्यावर सुकेळ्यांचा वास लाकडात मुरलेला होता, केळी लावणे बंद होऊन तीस वर्षे झाली तरी. माजघराच्या कोपऱ्यात एक खोली होती, तिथे माझ्या आजीची नऊ बाळंतपणे झाली आणि पाच मुले जगली. पडवीची उंची कमी होती. का, असे मी लहानपणी विचारले तेव्हा वडील म्हणाले, तिथे मजूर जेवायला बसत. त्यांना पडवीच्या पुढे यायचे नसे. हाही त्या घराचा इतिहास आहे, आणि तो भिंतीच्या उंचीत लिहिलेला आहे. घर पाडून ही लाज पुसता येते, हे पाडा-पक्षाने अजून लक्षात घेतलेले नाही, नाहीतर ते आणखी उत्साहाने पुढे आले असते.

कूळ कायदाही त्याच भिंतींत आहे. कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. वाडीचा काही तुकडा तोवर आम्ही दुसऱ्याचा कसत होतो. तो नावावर झाला त्या वर्षी आजोबांनी विहिरीचे तोंड नव्याने बांधून घेतले आणि काठावर स्वतःचे नाव घातले. बांधलेली विहीर म्हणजे आपली जमीन, हा त्यांचा सातबारा. रहाटाची लाकडी चाके १९७० च्या आसपास माळ्यावर चढली आणि विजेचा पंप खाली आला. मग पाण्याचा बाजार सुरू झाला, टँकर आले, विहिरी मचूळ होऊ लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यावरच हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. १९९० पासून या पट्ट्याचे नियोजन सिडकोकडे गेले, ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली, गावे बाहेर काढा म्हणून पुन्हा आंदोलन, पुन्हा कोर्ट. हे सगळे एका घराच्या ओट्यावर बसून पाहता आले. कुठल्या किल्ल्याला हे सांगता येईल?

आता सर्वांत वजनदार मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण त्यात मी स्वतः आरोपी आहे. मुद्दा असा की ही घरे मालकांनाच नको आहेत. बाहेरच्यांनी गळे काढायचे कारण नाही. पोरे आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली, कुणाला कौले चाळायला वेळ आहे? खुद्द वारसच बिल्डरच्या दारात जातात.

जातात. मीही गेलो. पण 'नको आहे' म्हणून गेलो, हे खोटे आहे. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. भारतीय वारसा कायदा १९२५ चा. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याच्या मुलांना सारखा वाटा, मुलगा-मुलगी असा भेद नाही. (हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये मिळाला, देशभर २००५ मध्ये. आमच्या आत्यांना तो कागदावर त्याच्या कितीतरी आधीपासून होता. कागदावर म्हटले, कारण हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणींना बोलावण्याची रीत दोन्ही धर्मांत सारखीच जुनी आहे.) पाच मुले म्हणजे प्रत्येकी एक पंचमांश. त्यातले माझे वडील गेले. त्यांच्या वाट्याचा एक तृतीयांश आईला, उरलेला आम्हा तिघा भावंडांत. हिशेब केला तर माझा हिस्सा येतो ४५ मध्ये २. आमचा ओटा जवळपास ४५ फूट लांब होता. म्हणजे ओट्याचे दोन फूट माझे, एका माणसाने मांडी घालून बसावे इतके. आणि ही आत्या हयात होती तोवरची गोष्ट. तिने लग्न केले नव्हते, ती गेल्यावर अपूर्णांक आणखी बदलले, ते सोडून देतो.

दोन फुटांच्या मालकाने घर दुरुस्त कसे करायचे? आढे वाळवीने पोकळ झाले होते. सागाचे लाकूड, सुतार, नव्याने रिपा, सगळा खर्च मोठा, आणि करायला १४ जणांची संमती हवी. त्यातले दोघे कुठे आहेत हे दूतावासाला विचारावे लागले असते. दुरुस्तीला कर्ज मिळत नाही, कारण बँकेला एकाच्या नावाचा स्वच्छ कागद लागतो. बिल्डरला मात्र १४ सह्या गोळा करता येतात, कारण तो सहीमागे फ्लॅट देतो. जुने घर वाटता येत नाही. माजघर कुणाला आणि पडवी कुणाला? फ्लॅट वाटता येतात. पहिल्या मजल्यावर थोरल्या काकांचे कुटुंब, दुसऱ्यावर आम्ही, उरलेले विकायला. वटारमध्ये बिल्डरचा खरा धंदा बांधकामाचा नाही, वाटणीचा आहे. ज्या कामाला कोर्टात वीस वर्षे लागतात ते तो अठरा महिन्यांत करून देतो. घर फिरले की वासे फिरतात म्हणतात. आमच्याकडे उलटे झाले, आधी वाटण्या फिरल्या, मग घर.

म्हणून 'मालकांनाच नको' असे म्हणणाऱ्याला माझे सांगणे आहे की ४५ मध्ये २ हिस्सा असलेल्या माणसाला काय हवे ते कुणी विचारलेलेच नाही. मी सही केली. पेन माझेच होते. पण त्या टेबलावर दुसरा कुठला कागद ठेवलेला नव्हता.

काही लोक सुरक्षिततेचे कारण पुढे करतात. जुने म्हणजे धोकादायक, नवे म्हणजे भक्कम. हे वसई-विरारमध्ये, आणि २०२५ नंतर, कुणी कसे म्हणू शकतो हे मला कळत नाही. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, गणपतीच्या आदल्या रात्री, विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट या ४ मजली इमारतीचा भाग कोसळला आणि १७ माणसे गेली. इमारत २०१२ ची होती, म्हणजे आमच्या पडवीतल्या पाट्यापेक्षाही वयाने लहान. आणि अनधिकृत. त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडाव्या लागल्या होत्या. जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेली, तिच्यावर हजारो माणसे पैसे मोजून राहत होती. ज्यांना डोक्यावर छप्पर हवे म्हणून वटारची घरे पाडा असे सांगितले जाते, ती माणसे वटारला येतच नाहीत. त्यांना वटारचा फ्लॅट परवडत नाही. त्यांना विजयनगर परवडते. गरिबाच्या गरजेचे नाव पुढे करून आमचा ओटा पाडायचा आणि गरिबाला मात्र राखीव भूखंडावरच्या भिंतीखाली झोपवायचे, हा प्रकार चालला आहे.

वाचवा-पक्षावर मी अजून पुरेसा बोललो नाही, आणि तो माझ्या बाजूचा समजला जातो म्हणून त्याच्याशी जास्त कठोर व्हायला हवे. या पक्षाला यादी हवी आहे. वारसा घरांची यादी करा, दर्शनी भाग जपा, निळी-पांढरी पाटी लावा. यादीने काय होते ते गिरगावात खोताच्या वाडीत जाऊन बघावे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, खोताची वाडी वारसा परिसर म्हणून नोंदली गेली, लेख आले, चित्रे आली, पाहुणे आले. घरे मात्र एकेक करून कमी होत गेली. आधी होती त्याच्या निम्मीही आज उरलेली नाहीत. यादी भिंतीला मिळाली, भिंतीच्या मालकाला काही मिळाले नाही. तिथेही वारस होते, तिथेही अपूर्णांक होते, आणि कौलांचा खर्च यादीने दिला नाही.

शिवाय दर्शनी भाग म्हणजे काय? ज्या घराचा चेहरा जपायचा त्याच्या पाठीमागे बावखल असते, नाहीतर होते. आमच्याकडे जुनी माणसे सांगत, जोत्याच्या भरावासाठी माती काढली तो खड्डा म्हणजे बावखल. पावसाचे पाणी साठले, जमिनीत मुरले, विहिरीला गोडे पाणी मिळाले, उन्हाळ्यात वाडीला पुरले. घर वर आले तेवढी जमीन खाली गेली, आणि दोघांनी मिळून एक कुटुंब शंभर वर्षे पोसले. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात गोडे पाणी टिकवणे ही काय चीज आहे ते टँकरची वाट बघणाऱ्याला विचारा. बावखल भरून त्यावर गाड्या उभ्या केल्या आणि पुढचा ओटा जपला, तर जपले काय? आजवर कुठल्याही रविवारच्या फेरीत बावखलाचा फोटो काढलेला मी पाहिला नाही. त्यात पाणी हिरवे असते, वर केळीची सुकी पाने तरंगतात, डास असतात. पोर्तुगीज दिसत नाही ते.

मला यादी हवीच आहे, पण वेगळी. ग्रामपंचायतीच्या काळातली घरपट्टीची पुस्तके, नमुना आठ, त्यात घराचे वर्णन एका ओळीत असे: कौलारू, माळ्यासह, किंवा कुडाचे, झापाचे, कर किती, भोगवटादार कोण. या एका ओळीत छप्पर बदलले तेव्हा बदललेला कर दिसतो, बाप जाऊन मुलगा आला ते दिसते, विधवेचे नाव लागले की नाही ते दिसते. २००९ मध्ये पंचायती महानगरपालिकेत गेल्या, त्यांच्याबरोबर पुस्तकेही गेली. ती बघायला एकही वारसाप्रेमी गेल्याचे माझ्या कानावर नाही. चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तके आहेत, तलाठ्याकडे फेरफार आहेत. या तिन्ही कागदांना एकत्र ठेवले तर वटारच्या प्रत्येक घरात कोण जन्मले, कोण नांदले, कोण वाटणी मागून निघून गेले हे सांगता येईल. आणि कोण कधीच नोंदले गेले नाही तेही, कारण वाडीवरच्या आदिवासी कुटुंबांच्या नावाची ओळ त्या पुस्तकांत फार कमी वेळा सापडेल.

त्यानंतर पैसा. न वापरलेला बांधकामहक्क विकायची सोय, टीडीआर, शहरातल्या वारसा इमारतीच्या मालकाला असते. तीच सोय गावठाणातल्या कौलारू घराच्या १४ वारसांना द्या, त्यांच्या अपूर्णांकांच्या प्रमाणात. ज्याला पैसा हवा तो पैसा घेऊन कॅनडात सुखाने राहील, ज्याला घर हवे तो इतरांचे हिस्से विकत घेऊ शकेल. बिल्डर जी वाटणी पाडून करतो ती न पाडता करून द्या. एवढे झाल्यावरही जो पाडील त्याला मी एका शब्दानेही अडवणार नाही. घर शेवटी राहणाऱ्याचे. काही घरे पाडण्याच्याच लायकीची आहेत, आणि काही ओट्यांवर इतकी भांडणे झाली आहेत की ती भुईसपाट झालेली बरी, असे म्हणणारे चुलतभाऊ मला भेटले आहेत.

आमच्या घराचे आढे उतरवले तेव्हा मी तिथे होतो. कामगार बिहारचे, तरुण, सफाईदार. कौले त्यांनी मोडली नाहीत, रचून ठेवली, कारण ती विकली जातात. १९११ चा आकडा सोडवून द्या असे मी सांगितले, पण चुना होता तो, हातोड्याच्या दुसऱ्या घावाला भुगा झाला. भुगा एका बाईने घमेल्यात भरून बाहेर नेला.

आता तिथे तीन मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, आई तिथे राहते, आणि लिफ्ट बंद पडली की आम्हाला फोन करते. बावखलाच्या जागी पार्किंग आहे. इमारतीला बिल्डरने हौसेने पोर्तुगीज नाव दिले आहे, गेटवर पितळी अक्षरांत, आणि स्पेलिंग चुकलेले आहे.